पस्तीस मिनिटांचं भूत

वर्गात वाचायला भुतांची पुस्तकं निवडायची, हे काम मला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलेली कामं वेगळी असतात आणि ती संपत नाहीत. पण गेली चार वर्षं, जुलैत ग्रंथालयासाठी पुस्तकं सुचवायची वेळ आली की मी दोन याद्या करते. एक वर पाठवायची. दुसरी माझ्या वहीत असते, तिला मुलांनीच नाव दिलंय : भुताची यादी.

शाळा सिंधुदुर्गातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मी मूळची साताऱ्याची, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. सहावी-सातवीची मिळून तेवीस मुलं माझ्याकडे. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात थोरांची चरित्रं, बोधकथा, संस्कारकथा, पुन्हा थोरांची चरित्रं, आणि झाडे लावा सांगणारी कागदी बांधणीची पुस्तकं. देवघेवीची वही पाहिली तर मुलं पुस्तकं नेतात आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत आणतात. पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडलेला नसतो. न वाचलेलं पुस्तक फार स्वच्छ राहतं.

त्याच वेळी वर्गात बाकाखालून एक पुस्तक फिरत होतं. सातवीतल्या एकाने जत्रेतल्या स्टॉलवरून आणलेलं, पिनांनी शिवलेलं, मुखपृष्ठावर कवटी आणि वडाचं झाड. चार महिन्यांत त्याची पानं सुटली, मधली दोन हरवली, तरी ते फिरतच होतं. मी ते मागून घेतलं आणि घरी जाऊन वाचलं. छपाई वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. सहा गोष्टी होत्या. सहापैकी पाच गोष्टींत पांढऱ्या साडीतली बाई, उलटी पावलं, मोकळे केस आणि शेवटी एक मांत्रिक येऊन तिला झोडपून काढतो. सहाव्या गोष्टीची शेवटची पानं हरवलेली होती, पण तिथेही मांत्रिक वाटेत असावा असं लक्षण होतं.

मुलांना भुतं हवीत याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी स्वतः तेराव्या वर्षी गोधडीत बॅटरी लावून नारायण धारप वाचले आहेत. गल्लीतल्या वाचनालयाच्या काकांनी पुस्तक देताना 'घरी विचारलंस का?' एवढंच विचारलं होतं, आणि मी 'हो' म्हणाले होते. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की मुलं वाचणारच आहेत, तर मग वर्गात, माझ्यासमोर, मोठ्याने काय वाचावं? शुक्रवारी शेवटचा तास वाचनाचा असतो. पस्तीस मिनिटांचा.

हे पस्तीस मिनिटांचं प्रकरण वाटतं तेवढं किरकोळ नाही. धारपांचंच बघा. त्यांची भीती सावकाश येते. आधी घर, मग घरातली ओल, मग एखादा वास, मग ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं असा एखादा दरवाजा. ही सगळी मांडणी होईपर्यंत घंटा होते. मुलं दप्तरं उचलून पळतात, आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की अर्धीच भीती घरी नेतात. एखाद्याची वाडी दीड किलोमीटरवर असते, वाटेत काजूची बाग, पुढे व्हाळ, पावसाळ्यात साडेपाचलाच अंधारून येतं. शेवट कळलेली गोष्ट त्या वाटेवर बरोबर चालते, अर्धी राहिलेली गोष्ट मागून येते. म्हणून माझा पहिला नियम असा झाला की गोष्ट घंटेच्या आत संपली पाहिजे, आणि संपल्यावर बोलायला निदान पाच मिनिटं उरली पाहिजेत. त्या पाच मिनिटांत मुलं हसतात, एकमेकांना चिमटे काढतात, कुणीतरी 'ह्यॅ, यात काय भिण्यासारखं' म्हणतो. ती पाच मिनिटं नसतील तर मी गोष्ट सुरूच करत नाही.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही याच कारणाने बाहेर राहिल्या, शिवाय त्यांतली भीती मोठ्या माणसांची आहे. अपराधाची, वासनेची, घराच्या चार भिंतींत सडत गेलेल्या नात्यांची. 'खेकडा' बारा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायची गोष्ट नाही. पण याच माणसाने 'अलबत्या गलबत्या' लिहिलं, हे आपलं नशीब. 1962 साली मतकरी पती-पत्नींनी मुलांसाठी नाट्यसंस्था काढली, आणि त्यांच्या चिंची चेटकिणीला आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगलेंनी रंगमंचावर नाचवलं. आमच्या मुलांनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं. आम्ही नाटक नुसतं वाचलं, भूमिका वाटून. चेटकीण व्हायला नऊ मुलगे तयार झाले आणि राजकन्या व्हायला कुणीच नाही, मुलीसुद्धा नाहीत. घशातून आवाज काढून काढून एकाचा दुसऱ्या दिवशी घसा बसला. चेटकिणीची भीती वाटते का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, मीच चेटकीण होतो तर भीती कुणाची वाटणार?

चित्रांच्या बाबतीत मात्र मी जास्त कडक आहे. अमेरिकेत अॅल्विन श्वार्ट्झ नावाच्या लेखकाचं लोककथांतल्या भुतांचं एक पुस्तक 1981 साली आलं. पुढे त्याचे आणखी दोन भाग आले, आणि शाळांच्या ग्रंथालयांतून जी पुस्तकं काढून टाका अशी मागणी पालक करत, त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या यादीत ही मालिका पहिली होती. गोष्टी साध्या, दोन-दोन पानांच्या. घाबरवत होती ती स्टीफन गॅमेलची चित्रं, शाई ओघळून हाडं दिसायला लागावीत तशी. मला ती चित्रं आवडतात. पण वर्गासाठी मी ती घेणार नाही. शब्दांतलं भूत प्रत्येक मूल आपल्या ताकदीप्रमाणे लहानमोठं करून घेतं. पहिल्या बाकावरची भित्री मुलगी ते मांजराएवढं करते आणि शेवटच्या बाकावरचा माडाएवढं. चित्रात ही सोय नाही. सगळ्यांना एकच माप, आणि एकदा पाहिलं की न पाहिलेलं करता येत नाही.

सगळ्यात चांगलं चाललं ते विक्रम-वेताळ. खरं म्हणजे याला कुणी भयकथा म्हणत नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. मध्यरात्रीचं स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर घेऊन चाललेला राजा, आणि प्रेत बोलायला लागतं. अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मिरात ते कथासरित्सागरात घेतलं, आणि आपल्या पिढीने ते चांदोबात, चित्रकार शंकर यांच्या त्या प्रसिद्ध चित्रासकट वाचलं, आणि आयांनी ते आनंदाने वाचू दिलं. कारण हे भूत झोंबत नाही, प्रश्न विचारतं. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकी देतं. (वर्गात ही धमकी आम्हीही अधूनमधून वापरतो. गणिताच्या तासाला तिचा उपयोग होत नाही.)

डोकी बदललेल्या दोन माणसांची गोष्ट वाचली त्या दिवशी मात्र वर्ग हातातून गेला. नवरा आणि भाऊ दोघांची मुंडकी तुटलेली, देवीच्या वराने बाई ती जोडते, पण घाईत उलटसुलट. आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, कारण डोकं सगळ्यांत श्रेष्ठ. मागून आवाज आला, "माडार चढताना डोक्याचा काय काम? पायांका ठावक असता." बोलणाऱ्याचे वडील माडावर चढून नारळ काढायचं काम करतात. वर्गात मुलं माझ्याशी शाळेची मराठी बोलतात, पण भांडण मनापासून सुरू झालं की मालवणीवर येतात. त्या दिवशी पंधरा मिनिटं निव्वळ मालवणी चाललं होतं.

शिवाय इथे आणखी एक गंमत होती जी साताऱ्यात झाली नसती. वेताळ म्हणताच अर्ध्या वर्गाने हात वर केले. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, जयवंत दळवींचं गाव तेच. तिथे देवाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून वाहिलेल्या चपला झिजतात, असं मानतात. पुस्तकातला प्रेतात शिरलेला वेताळ आणि आजीने नवस बोललेला वेतोबा एकच का, हा प्रश्न मुलांनी मला विचारला. नाव तेच आहे, एवढं मी सांगितलं. मग देवचाराचा विषय निघाला. मी त्याला सरळ भुतांच्या रांगेत बसवलं होतं, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने मला समजावलं : "देवचार भूत नाय बाई, तो राखणदार." चुकलेल्या माणसाला वाट दाखवतो. त्याला विडी ठेवतात.

इथे माझ्या यादीला वेगळंच वळण लागलं. कोकणातल्या भुतांवर काही धड लिहिलेलं मिळतं का ते मी शोधायला लागले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, ते लोकसमजुतींची माहिती गोळा करत होते. त्यांच्या मागे एन्थोवेन यांनी ती संपादित करून छापली, त्यातला कोकणाचा भाग 1915 सालचा. इंग्रजीतलं कोरडं पुस्तक, पण पानोपानी तळटिपांत माहिती कुणी पाठवली ते दिलेलं आहे, आणि ती पाठवणारे बहुतेक गावोगावचे शाळामास्तर आहेत. अमक्या गावचे मास्तर, तमक्या गावचे मास्तर, नाव क्वचितच. वरून प्रश्नावली आली असेल, भरून पाठवा म्हणून. ते टपाल मी अगदी डोळ्यांसमोर आणू शकते. शंभर वर्षांपूर्वीही शाळेत माहिती मागवत होते, आणि तेव्हा निदान भुतांची मागवत होते.

पण त्या मास्तरांनी लिहिलेली आणि मुलांनी मला सांगितलेली नावं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा दिसलं ते असं. मुंजा म्हणजे मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, तो पिंपळावर. समंध म्हणजे इच्छा मागे राहिलेला पुरुष, बहुतेकदा वरच्या जातीचा. खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. हडळ, जखीण, अलवंतीण या बायका. अलवंतीण म्हणजे गरोदर असताना किंवा बाळंतपणात मेलेली. भुतांनासुद्धा जात आहे, धर्म आहे, आणि कोणी किती वाईट असायचं हे त्यावरून ठरलेलं आहे. मुंजाची फार तर खोडी, समंधाला मान, आणि सगळ्यात भयानक कोण, तर जी बाळंतपणात मेली ती. जिला वेळेवर दवाखाना मिळाला नाही ती.

माझ्या वर्गात दोन मुसलमान मुलं आहेत. खवीस ज्यात तसा सांगितलाय अशी पुस्तकं मी कपाटात ठेवत नाही. यावर मला वाद घालायचा नाही. भूत वाचताना वर्गातल्या कुणाकडेही बाकीच्यांच्या माना वळता कामा नयेत, हा माझा दुसरा नियम.

या सगळ्याला विरोध झाला. तो दोन बाजूंनी झाला, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं नेमकं उलट होतं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, अंधश्रद्धेचा कायदा आहे, उद्या कुणी तक्रार केली तर? सरांची काळजी मला समजत होती. मी साताऱ्याची, दाभोलकर आमच्या गावचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो मी वाचलेला आहे. भूत उतरवतो म्हणून माणसाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, अमका करणी करतो, अमकी चेटूक करते असा बोभाटा करून कुणाला जगणं नको करणं, हे त्यात गुन्हे आहेत. गोष्टीतल्या भुताबद्दल त्यात काही नाही. उलट जत्रेतल्या त्या पुस्तकात मांत्रिक जे करतो ते प्रत्यक्षात कुणी केलं तर तो आत जाईल, आणि पुस्तकात त्याला शेवटी गावकरी हार घालतात. सरांना मी कायद्याची प्रत दाखवली. त्यांनी ती बघितली आणि तरी म्हणाले, जपून करा.

दुसरा विरोध एका आजोबांचा. नातवाला सोडायला आले आणि दारातच थांबले. "बाईनू, ती नावा पोरांच्या तोंडात देव नका. तिन्हीसांजेक घेतली तर ती येतत." म्हणजे सरांच्या मते भुतं नाहीत म्हणून त्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि आजोबांच्या मते ती आहेत म्हणून. मला दोघांनाही एकच सांगावंसं वाटलं की तुम्ही आपसांत ठरवून या. आजोबांना मी चहा दिला. आम्ही दुपारीच वाचतो, साडेचारच्या आत, असं सांगितलं, तेव्हा ते जरा निवळले. जाताना त्यांनीच पुलाखालच्या एका चकव्याची गोष्ट सांगितली, पंचवीस मिनिटं.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव, वाडी, काही लिहीत नाही. सातवीत होती. धाकटा भाऊ झाला तेव्हा तिची आई गेली, पावसाळ्यात, तालुक्याच्या वाटेवर. ही तेव्हा पाच वर्षांची. वाडीत पुढे तेच झालं जे होतं. मोहरी पेरली, उंबऱ्यात खिळा ठोकला, आणि मग व्हाळाजवळ कुणाला तरी कुणीतरी दिसलं. हे मला वर्गातल्या दुसऱ्या मुलांनी सांगितलं, ती नसताना, आवाज खाली करून. त्या वाडीची मुलं व्हाळाकडची जवळची वाट सोडून रस्त्याने फिरून येतात, वीस मिनिटं जास्त चालून. एक मुलगी सोडून.

हे कळल्यावर मी यादीतून दोन पुस्तकं काढून टाकली, दोन्हींत तशी बाई होती. पण काढून टाकल्याने काय होणार होतं? जत्रेतलं पुस्तक वर्गात सगळ्यांनी वाचलेलं होतं. तिनेही. पांढरी साडी, उलटी पावलं, मांत्रिक, झोडपणं. तिने ते कसं वाचलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. एकदा व्हरांड्यात ती एकटी भेटली, पाऊस होता, छत्री उघडत होती. त्या वाटेने एकटी जाऊ नकोस, पाणी चढतं, असं मी तिला म्हटलं. मी पाण्याबद्दलच बोलत होते. तिला ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल वाटलं. ती म्हणाली, "माजी आवस माका कित्याक घाबरवतली?"

आणि छत्री उघडून गेली.

यानंतर मी पुस्तकं वेगळ्या तऱ्हेने चाळायला लागले. गोष्ट कोण सांगतंय हे आधी बघायचं. आमच्याकडे छापलेल्या गोष्टींत ही बाई कायम दुरून दिसते. रात्री उशिरा परतणाऱ्या पुरुषाला, गाडीवानाला, मांत्रिकाला. ती जिची कुणी होती, त्यांच्या बाजूने गोष्ट येतच नाही. मला एक तरी गोष्ट अशी हवी होती.

ती मराठीत मिळाली नाही, जपानी लोककथांत मिळाली. एका मिठाईच्या दुकानात रोज रात्री उशिरा एक फिकट बाई येते, एक नाणं देते आणि गोळ्या घेऊन जाते. सहा रात्री सहा नाणी. सातव्या रात्री तिच्याकडे पैसे नसतात, ती अंगावरचं वस्त्र काढून देते. दुकानदार तिच्या मागे जातो, तर ती स्मशानात जाऊन दिसेनाशी होते, आणि जमिनीतून बाळाचं रडणं ऐकू येतं. कबर उकरतात. आत पोटुशी असताना मेलेली बाई, आणि तिच्या कुशीत जन्मलेलं जिवंत बाळ, गोळी चोखत. सहा नाणी म्हणजे मृताबरोबर पुरायची पद्धत असते ती. ही गोष्ट जपानात अनेक ठिकाणी सांगतात, आणि क्योतोत त्या गोळ्या विकणारं दुकान आजही आहे.

आमच्या अलवंतिणीचंच हे. तसंच मरण, तशीच परत येणारी बाई. फक्त ती कशासाठी येते ते तिकडे कुणीतरी मागे जाऊन पाहिलं.

पुस्तक नव्हतं. मी गोष्ट दोन पानांत लिहिली, पण ती वर्गात एकदम वाचायची नाही हे मनाशी पक्कं होतं. ज्या मुलीसाठी ती इतकी जवळची, तिला ती सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या नजरेसमोर पहिल्यांदा ऐकायला लावणं हा क्रूरपणा झाला असता. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तिला पानं दिली. म्हटलं, वाचून बघ, उद्या वर्गात घेऊ की नको ते तू सांग. नको म्हणालीस तर दुसरी आहे माझ्याकडे. ती पायरीवर बसून वाचत होती, मी दुरून वह्या तपासत होते, म्हणजे तपासल्यासारखं करत होते. तिने दोनदा वाचलं. मग आली आणि विचारलं, "मगे त्या बाळाचा काय झाला?"

काही ठिकाणी सांगतात की तो मोठा होऊन नावाजलेला भिक्षू झाला, असं मी सांगितलं. तिने मान हलवली. म्हणाली, वर्गात घेऊया. पण मी वाचतंय.

शुक्रवारी तिने वाचलं. ती फार चांगलं वाचते असं नाही, जोडाक्षरांवर अडखळते आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली येतो. सतरा मिनिटं लागली. कबर उकरतात तिथे वर्ग गप्प होता, पण जत्रेतल्या पुस्तकाच्या वेळी असतो तसा नव्हे. एकदा दोघा-तिघांनी माना वळवल्या, मग त्यांना कळलं असावं की ती समोरच उभी आहे, वळून कुठे बघणार. संपल्यावर प्रश्न मात्र भलतेच आले. ते दुकान अजून आहे म्हणजे खरंच आहे? गोळ्या कशाच्या असतात? नाणी पुरतात तर कुणी उकरून का काढत नाही? आमच्यात तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवतात, असं एकाने सांगितलं. मुसलमान मुलांपैकी एकाने त्यांच्यात काय करतात ते सांगितलं, पांढऱ्या कापडाबद्दल, आणि सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. तिच्या आईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. घंटा झाली. मुलं व्हाळाच्या वाटेने जायला लागली का, असं विचाराल तर नाही. रस्त्यानेच जातात. ती पानं मात्र ती घरी घेऊन गेली, भावासाठी.

ती आता आठवीला गेली, दुसऱ्या शाळेत.

पुढच्या शुक्रवारी रस्किन बॉन्डची एक गोष्ट घेतली, इंग्रजीतून मराठीत सांगत सांगत. शिमल्याच्या शाळेतले मास्तर रात्री पाइनच्या जंगलातून परत येतात, एक मुलगा रडत बसलेला दिसतो, तो तोंड वर करतो तर त्याला तोंडच नसतं, नाक नाही, डोळे नाहीत. मास्तर धावत पहारेकऱ्याकडे जातात, आणि मग पहारेकरी कंदील वर धरतो. एवढीच गोष्ट. दहा मिनिटांत संपते. शेवटच्या ओळीला वर्ग किंचाळला, मग आपल्याच किंचाळण्याला हसला, आणि आमचे शिपाईमामा काय झालं म्हणून दारात आले, तेव्हा तेवीसच्या तेवीस पोरं पुन्हा किंचाळली. मामांना अजून कुणी कारण सांगितलेलं नाही.

यंदाची यादी जवळजवळ झाली आहे. नवे सहावीवाले आले आहेत, आणि त्यांना मागच्या वर्षीच्यांनी सगळं आधीच सांगून ठेवलंय. त्यातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात ती गोळ्यांची गोष्ट मागितली. वाचून झाल्यावर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बरा होता, पण भीती नाय वाटली." त्याची मागणी रास्त आहे. धारपांची एक छोटी कथा मी काढून ठेवली आहे, तिच्यात बाई नाही, मांत्रिक नाही, कुणाची जात नाही, नुसतं एक घर आहे. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघितली. चव्वेचाळीस मिनिटं होतात. शनिवारी सकाळची शाळा असते, परत जाताना उजेड असतो, आणि सरांनी कवायतीचा तास मला दिला तर दोन तास जोडून मिळतील. सरांना विचारायचं आहे.